दोन मटेरियलचं मोल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूथब्रशची मऊ पकड, ड्रिलच्या हँडलवरचं रबरासारखं आवरण, गाडीच्या मागच्या दिव्याची लाल-पिवळी-पांढरी लेन्स, कीबोर्डवरचं कधीच न पुसणारं अक्षर. हे सगळे भाग एका मटेरियलवर दुसरं मटेरियल ओतून बनतात. खाली दिलेले आकडे सुरुवातीच्या सेटिंगसाठी आहेत. तुमच्या ग्रेडची डेटाशीट वेगळं सांगत असेल तर डेटाशीटचं ऐका.

## ओव्हरमोल्डिंग, टू-शॉट, टू-के, इन्सर्ट मोल्डिंग ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत का?

नाही. पण बोलताना ती सरमिसळ वापरली जातात आणि मग साच्याची ऑर्डर देताना घोळ होतो.

आधी मोल्ड केलेल्या भागावर दुसरं मटेरियल ओतणं म्हणजे ओव्हरमोल्डिंग. आधीच्या भागाला सबस्ट्रेट म्हणतात. हे काम दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या साच्यांत होऊ शकतं. सबस्ट्रेट हाताने किंवा रोबोटने उचलून दुसऱ्या साच्यात बसवायचा, याला ट्रान्सफर पद्धत म्हणतात. तेच काम दोन इंजेक्शन युनिट असलेल्या एका मशीनवर, एकाच साच्यात झालं तर ते टू-शॉट किंवा टू-के. शॉट म्हणजे साच्यात एकदा ढकललेलं मटेरियल. यातला ‘के’ जर्मन ‘कोम्पोनेन्टे’ या शब्दातून आला आहे, म्हणजे घटक. इन्सर्ट मोल्डिंगमध्ये साच्यात ठेवलेला तुकडा बहुधा धातूचा असतो: पितळी नट, पिन, टर्मिनल.

चौथा प्रकार सँडविच मोल्डिंगचा. बाहेर एक मटेरियल आणि गाभ्यात दुसरं, दोन्ही बहुधा एकाच गेटमधून, म्हणजे मटेरियल साच्यात शिरायच्या तोंडातून. त्याचं गणित निराळं आहे, त्यामुळे इथे तो घेतलेला नाही.

## कोणतं मटेरियल कशाला चिकटतं?

ओतून जोडताना मध्ये गोंद नसतो. दोन्ही मटेरियलच्या साखळ्या सांध्यावर एकमेकींत शिरल्या तरच पकड येते. त्यासाठी दोघांची रासायनिक जात जुळावी लागते.

पीपीवर (पॉलिप्रॉपिलीन) साधा एसईबीएस (एक रबरी पॉलिमर) जातीचा टीपीई, म्हणजे रबरासारखं मऊ प्लास्टिक, उत्तम बसतो, कारण त्या टीपीईच्या मिश्रणात पीपी असतोच. ईपीडीएम रबर आणि पीपीपासून बनलेला टीपीव्ही जातीचा टीपीईही पीपीवर चांगला धरतो.

एबीएस, पीसी (पॉलिकार्बोनेट) आणि दोन्हींचं मिश्रण पीसी-एबीएस या कडक प्लास्टिकवर हाच साधा टीपीई नखाने सोलून निघतो. तिथे खास मॉडिफाइड ग्रेड किंवा टीपीयू (पॉलियुरेथेन जातीचं मऊ प्लास्टिक) लागतो. या तिघांवर टीपीयूची पकड फार चांगली असते आणि तो झिजतही कमी. पण तो नीट वाळवला नाही तर सगळं बिघडतं.

नायलॉनला नायलॉनसाठीच बनवलेला टीपीई हवा. त्याचा वेगळा प्रश्न पुढे आहे.

कडक मटेरियलच्या जोड्यांमध्ये एबीएस, पीसी आणि पीएमएमए (अ‍ॅक्रिलिक) एकमेकांना धरतात. दिव्यांच्या लेन्समध्ये वेगवेगळ्या रंगांचे पीएमएमए एकमेकांशी पूर्ण एकजीव होतात. पीपी आणि एबीएस एकमेकांना धरत नाहीत. पीओएम, म्हणजे अ‍ॅसिटल, जवळजवळ कशालाच धरत नाही. हा दोष कधी कामालाही येतो. साच्यातच हलणारा सांधा बनवायचा असेल तर न चिकटणारी जोडी मुद्दाम निवडतात.

ग्रेड मागवताना ‘टीपीई हवा, शोअर ६०’ (शोअर म्हणजे मऊ-कडकपणाचं माप) एवढंच लिहू नका. सबस्ट्रेटचं मटेरियल, ग्रेड, ग्लासचं (मिसळलेल्या काचतंतूंचं) प्रमाण आणि पद्धत टू-शॉट आहे की ट्रान्सफर, हेही कळवा. टू-शॉटमध्ये चिकटणारा ग्रेड ट्रान्सफरमध्ये थंड सबस्ट्रेटवर सुटू शकतो.

## जोडी जुळणारी आहे, तरी सांधा सुटतो. असं का?

बहुतेक वेळा सांध्यावर पुरेशी उष्णता नसते. गरम वितळ, म्हणजे वितळलेलं मटेरियल, थंड प्लास्टिकला लागते त्या क्षणी सांध्याचं तापमान साधारण दोन्ही तापमानांच्या सरासरीवर येतं, कारण दोन्ही प्लास्टिकची उष्णता वाहून नेण्याची क्षमता जवळपास सारखी असते. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो.

टीपीईची वितळ २३० अंश सेल्सियस आणि एबीएसचा सबस्ट्रेट ४० अंश असेल तर सांध्यावर १३५ अंश मिळतात. एबीएस १०५ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, म्हणजे पृष्ठभाग जागा होतो आणि पकड येते. आता सबस्ट्रेट पीसीचा घ्या. तो मऊ पडायला साधारण १४७ अंश लागतात. तेच १३५ अंश इथे अपुरे. वितळ २४० आणि सबस्ट्रेट ८० अंश ठेवा, म्हणजे सांध्यावर १६० मिळतात. पीसीचे भाग ओव्हन किंवा इन्फ्रारेड हीटरखाली गरम करून साच्यात ठेवतात ते यामुळेच.

प्रत्यक्षात वितळीच्या घर्षणाने थोडी जास्त उष्णता मिळते आणि गार स्टीलमुळे थोडी जाते. पण कुठल्या दिशेला जायचं हे या सरासरीवरून नक्की कळतं. अजून एक गोष्ट लक्षात असू द्या. हा सांधा वितळ लागल्यानंतर लगेच, सेकंदाच्या छोट्या भागात बनतो. त्या वेळी नाही बनला तर नंतर होल्डिंग प्रेशर (भरल्यावर धरून ठेवलेला दाब) कितीही वाढवा, पकड येत नाही. फक्त फ्लॅश, म्हणजे फटीतून निसटलेली पातळ पापडी, वाढते.

## टीपीई नखाने निघतोय. कुठून सुरुवात करू?

आधी सेटिंगला हात लावू नका. एक पट्टी सोलून सबस्ट्रेटचा उघडा पडलेला भाग प्रकाशात तिरका धरून बघा.

पृष्ठभाग स्वच्छ, चकचकीत आणि टीपीईचा मागमूस नाही, तर सांधा बनलाच नाही. कारण मटेरियलमध्ये, उष्णतेत किंवा घाणीत आहे. टीपीईचे तुकडे सबस्ट्रेटवर चिकटून राहिले आणि टीपीई स्वतःच फाटला, तर सांधा टीपीईपेक्षा मजबूत आहे. असा सांधा चांगला. अर्धा भाग स्वच्छ आणि अर्धा फाटलेला असेल तर तो नकाशा जपून ठेवा. गेटजवळ पकड आणि टोकाला नाही, म्हणजे वितळ टोकाला पोहोचेपर्यंत थंड झाली. याउलट, गेटजवळ नाही आणि टोकाला आहे, तर गेटसमोर जेटिंग (वितळ पसरण्याऐवजी पिचकारीसारखी उडणं) होतंय का ते बघा. मधेच एखादा गोल डाग सुटलेला असेल तर तिथे हवा अडकली, किंवा कुणाच्या तरी बोटाचं तेल लागलं.

मग या क्रमाने तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला:

१. हॉपरमध्ये (मशीनवर दाणा भरायच्या डब्यात) योग्य दाणा आहे का? पीपीसाठीचा टीपीई एबीएसवर चालवणं ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे. दोन्ही दाणे दिसायला सारखेच असतात.

२. ड्रायर. एबीएस, पीसी, नायलॉनसारख्या पोलर मटेरियलसाठी बनवलेले टीपीई ६० ते ८० अंशांवर २ ते ४ तास वाळवावे लागतात. टीपीयू ८० ते १०० अंशांवर २ ते ४ तास. एबीएस ८० अंशांवर २ ते ४ तास. पीसी १२० अंशांवर ३ ते ४ तास आणि ओल ०.०२ टक्क्यांच्या खाली.

३. टीपीईचं वितळ तापमान. डिस्प्लेवरचा बॅरलचा आकडा धरू नका, नोझलमधून हवेत शॉट मारून सुईच्या थर्मामीटरने मोजा. डेटाशीटच्या वरच्या मर्यादेपर्यंत १० अंशांच्या पायरीने चढा.

४. इंजेक्शनचा वेग. एसईबीएस टीपीई वेगाने ढकलला की खूप पातळ होतो. तापमान वाढवून जेवढा पातळ होत नाही तेवढा वेगाने होतो. हळू भरलं तर पुढचं टोक गार पडतं.

५. सबस्ट्रेटचं तापमान. टू-शॉटमध्ये पहिल्या शॉटचा कूलिंग टाइम कमी करून बघा. ट्रान्सफरमध्ये दोन मशीनमधला वेळ कमी करा किंवा सबस्ट्रेट आधी गरम करा.

६. मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा. त्याचा कॅरिअर (रंग ज्यात मिसळलेला असतो ते प्लास्टिक) काय आहे ते पुरवठादाराला विचारा. पीपीवर जाणाऱ्या टीपीईला पीपी कॅरिअर द्या. चुकीच्या कॅरिअरमुळे काळा रंग चिकटतो आणि लाल सुटतो, असे प्रकार होतात आणि सगळे मशीनला दोष देत बसतात.

७. सबस्ट्रेटच्या दाण्यात स्लिप एजंट किंवा जास्तीचं ल्युब्रिकंट आहे का? ते काही तासांत पृष्ठभागावर येतं. म्हणून ताजा भाग चिकटतो आणि कालचा सुटतो.

## साच्याला रिलीज स्प्रे मारला तर चालेल का?

सबस्ट्रेटच्या साच्यात सिलिकॉन स्प्रे मुळीच नको. शेजारच्या मशीनवर मारलेला स्प्रेसुद्धा हवेतून येतो. भाग अडकत असेल तर ड्राफ्ट (भिंतींचा उतार), पॉलिश आणि इजेक्शन (भाग बाहेर ढकलणं) सुधारा. इजेक्टर पिनवरचं ग्रीस सबस्ट्रेटवर उतरत असेल तर तिथेही नेमका गोल डाग सुटतो. ट्रान्सफरमध्ये भाग हाताळताना लिंट न सोडणारे हातमोजे घाला आणि ते वेळेवर बदला. घामाने भिजलेला हातमोजा उघड्या हाताहून वाईट.

## मऊ थर किती जाड ठेवायचा? शोअर किती?

बहुतेक हँडलसाठी १.५ ते ३ मिलिमीटर. सबस्ट्रेटची भिंत त्याच्याएवढी किंवा त्याहून जाड असावी.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. ‘शोअर ए ४० घेतला तरी हाताला कडक लागतं.’ थर ०.८ मिलिमीटरचा असेल तर लागणारच. बोट खालच्या कडक प्लास्टिकवर टेकतं. मऊपणाची जाणीव शोअर आणि जाडी दोन्हींवरून ठरते. शोअर ३० वर उतरण्याआधी थर २ मिलिमीटर करून बघा. खूप मऊ टीपीई साच्यात चिकटतो, इजेक्टर पिनने खड्डे पडतात आणि धूळही जास्त ओढतो.

वितळ किती लांब जाईल याचा अंदाज थराच्या जाडीवरून बांधता येतो. प्रवाहाची लांबी आणि जाडी यांचं प्रमाण १५० च्या आत ठेवा. १.५ मिलिमीटरच्या थरात सव्वादोनशे मिलिमीटरपुढे एका गेटवर अवलंबून राहू नका.

## मऊ मटेरियलची कड कशी संपवायची? तिथेच फ्लॅश येते.

कड पातळ करत शून्यावर नेऊ नका. अशी पातळ जीभ थंड असते, चिकटत नाही, आणि वापरणाऱ्याचं बोट पहिल्यांदा तिथेच अडकतं. सबस्ट्रेटमध्ये ०.५ ते ०.८ मिलिमीटर खोल खाच द्या. टीपीई त्या खाचेच्या उभ्या भिंतीला संपवा, म्हणजे दोन्हींचा पृष्ठभाग एका पातळीत किंवा टीपीई किंचित खाली राहील.

फ्लॅश थांबवायची तर दुसऱ्या साच्याचं स्टील सबस्ट्रेटला दाबून बसलं पाहिजे. या दाबून बंद होणाऱ्या जागेला शट-ऑफ म्हणतात. तिथे साधारण ०.०५ मिलिमीटरचा दाब ठेवतात, म्हणजे स्टील सबस्ट्रेटमध्ये तेवढं रुततं. कमी ठेवला तर टीपीई निसटतो, जास्त ठेवला तर सबस्ट्रेटवर पांढरी रेघ किंवा चीर येते. दाबणाऱ्या स्टीलच्या बरोबर खाली सबस्ट्रेटला आधार असला पाहिजे. पोकळ जागेवर शट-ऑफ दिला तर भिंत आत वाकते आणि फट उघडते.

ट्रान्सफरमध्ये आणखी एक मुद्दा. पीपीचा भाग साच्यातून निघाल्यावर दिवसभर थोडा थोडा आकसत राहतो. दुसरा साचा कोणत्या वयाच्या भागासाठी कापला आहे ते ठरलेलं हवं: साच्यातून निघाल्यावर पाच-दहा मिनिटांचा गरम भाग, की २४ तास ठेवलेला. ट्रेमध्ये दोन्ही मिसळले की निम्म्या भागांवर फ्लॅश येते आणि कारण सापडत नाही. चिकटण्याच्या दृष्टीने गरम भागच बरा.

## फ्लॅश एक पीस सोडून एका पीसवर येते. सेटिंग तर तेच आहे!

रोटरी साच्यात, म्हणजे ज्याचा अर्धा भाग फिरतो अशा साच्यात, कोअर (भागाची आतली बाजू घडवणारे स्टीलचे भाग) दोन असतात आणि ते आळीपाळीने दुसऱ्या स्टेशनवर येतात. दर दुसऱ्या पीसवर फ्लॅश म्हणजे एका कोअरचं माप दुसऱ्यापेक्षा वेगळं आहे, किंवा फिरून आल्यावर जागेवर बसवणारी लोकेटिंग पिन किंवा बुश झिजली आहे. प्रोसेस बदलून हे जाणार नाही. साचा बनवतानाच कोअरवर ‘ए’ आणि ‘बी’ कोरून घ्या, म्हणजे प्रत्येक भागावर त्याचा पत्ता छापून येतो. हे नसेल तर पुढची सगळी तपासणी अंधारात.

## पकड चांगली आहे, तरी यांत्रिक खोबण द्यावी का?

जिथे ओढ पडते तिथे द्या. कडेजवळ २ ते ३ मिलिमीटरची आरपार भोकं, ज्यातून टीपीई मागे जाऊन रिव्हेटसारखा पसरेल. किंवा डव्हटेल खोबण (आत रुंद, तोंडाशी अरुंद), किंवा सरळ कडेभोवती वळसा. पीओएमसारख्या न चिकटणाऱ्या मटेरियलवर तर हाच एक मार्ग आहे. मात्र फक्त खोबणीवर टिकवलेल्या टीपीईखाली पाणी आणि तेल शिरतं. त्यामुळे असा सांधा वॉटरप्रूफ सीलसाठी चालत नाही.

## रोटरी, कोअर-बॅक की रोबोट ट्रान्सफर?

रोटरीत साच्याचा अर्धा भाग १८० अंश फिरतो. एका बाजूला पहिला शॉट, त्याच वेळी दुसऱ्या बाजूला दुसरा शॉट. प्रत्येक सायकलला तयार माल बाहेर पडतो. तीन मटेरियल असतील तर १२० अंश. भाग कोअरवरच राहतो, म्हणून कोअरकडची बाजू दोन्ही शॉटमध्ये एकच असते. तिथे टीपीई हवा असेल तर साधी रोटरी पुरत नाही. मग भागासकट फिरणारी इंडेक्स प्लेट घेतात. इजेक्शन फक्त दुसऱ्या स्टेशनवर होतं. पहिल्या स्टेशनवर इजेक्टर चालला तर सबस्ट्रेट जागेवरून हलतो, आणि साचा पुन्हा बंद होताना स्टील खराब होतं. त्यासाठी इंटरलॉक हवाच.

कोअर-बॅकमध्ये काही फिरत नाही. पहिला शॉट झाल्यावर स्लाइड मागे सरकते आणि उघड्या झालेल्या जागेत दुसरं मटेरियल जातं. साचा लहान राहतो, आणि भाग स्टीलमधून सुटतच नाही म्हणून जागा अचूक मिळते. पट्ट्या, सील, सपाट कडा यांना हे छान जमतं. आकार मात्र स्लाइड सरकेल तेवढाच. शिवाय दोन्ही शॉट एकामागून एक होतात. समजा पहिल्याला १६ सेकंद आणि दुसऱ्याला १२ सेकंद कूलिंग लागतं. रोटरीत १६ मोजायचे आणि फिरण्याचे दोन-तीन सेकंद. कोअर-बॅकमध्ये दोन्हींची बेरीज. पहिला पूर्ण थंड करावा लागत नाही, त्यामुळे थोडी सूट मिळते इतकंच.

रोबोट किंवा हाताने ट्रान्सफर: दोन साधी मशीन, दोन साधे साचे. वर्षाला काही हजार नग असतील, किंवा डिझाइन अजून बदलत असेल, तर इथूनच सुरुवात करा. टू-शॉटचा साचा एकदा कापला की सबस्ट्रेटमधला छोटा बदलही दोन ठिकाणी करावा लागतो.

## टू-शॉटसाठी किती टनांचं मशीन लागेल?

दोन्ही शॉटच्या कॅव्हिटी (साच्यातल्या भागाच्या पोकळ्या) एकाच क्लॅम्पखाली, म्हणजे साचा दाबून बंद ठेवणाऱ्या यंत्रणेखाली, असतात, म्हणून दोन्हींचं बळ मिळवायचं. चार अधिक चार कॅव्हिटीचं उदाहरण घ्या. पीपीच्या भागाचं प्रक्षेपित क्षेत्र (साचा उघडण्याच्या दिशेने बघता दिसणारं) ३० चौरस सेंटिमीटर, चार मिळून १२०. दर चौरस सेंटिमीटरला ०.३५ टन धरले तर ४२ टन. टीपीईचं क्षेत्र १२ चौरस सेंटिमीटर, चार मिळून ४८. दर चौरस सेंटिमीटरला ०.२५ टन धरले तर १२ टन. एकूण ५४, त्यावर २० टक्के जोडून सुमारे ६५ टन. कोल्ड रनर (गेटपर्यंतची वाट, जिच्यातलं प्लास्टिक भागाबरोबर थंड होऊन निघतं) असेल तर त्याचं क्षेत्र वेगळं मिळवा.

पण हा आकडा घेऊन ६५ टनांचं मशीन ठरवलं तर साचा बसणारच नाही. फिरताना साच्याचा कर्ण टायबारला (मशीनच्या आडव्या दांड्यांना) लागता कामा नये. रोटरी साच्यात मशीन बहुधा टनेजवरून नाही, टायबारमधल्या अंतरावरून ठरतं. दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या उदाहरणात एका बाजूला ४२ आणि दुसऱ्या बाजूला १२ टन आहेत. असमान भारामुळे पीपीची बाजू किंचित उघडते आणि फ्लॅश तिथेच येते. हा फरक मशीनवाल्याला आधी सांगा.

दुसऱ्या युनिटचा बॅरल मोठा घेऊ नका. टीपीईचा शॉट १२ ग्रॅम, सायकल ३० सेकंद आणि बॅरलमध्ये ३०० ग्रॅम वितळ असेल तर दाणा बाहेर पडायला साडेबारा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात टीपीयू खराब होतो, रंग बदलतो, पकडही जाते. बॅरलच्या शॉट क्षमतेचा निदान २० टक्के भाग दर शॉटला वापरला जावा.

## गेट कुठे द्यायचा?

टीपीई जिथे सर्वांत जाड असेल तिथे, आणि वितळ एखाद्या भिंतीवर आदळून पसरेल असा. मोकळ्या पोकळीत सरळ मारलात तर जेटिंग होतं. प्रवाह शेवटी जिथे पोहोचेल तिथे व्हेंट (हवा निघायची फट) ठेवा: खोली ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर. सामान्य साच्यात हवा पार्टिंग लाइनवरून (साच्याचे दोन भाग मिळतात तिथून) निघून जाते. इथे कॅव्हिटीची एक भिंत प्लास्टिकची असते, तिच्यातून हवा जात नाही. म्हणून शट-ऑफच्या स्टीलमध्येच व्हेंट कापावा लागतो.

शोअर ए ५० च्या खालच्या टीपीईला सबमरीन गेट (भाग निघताना आपोआप तुटणारा) जपून द्या. रनर रबरासारखा ताणतो आणि तुटायच्या ऐवजी आतच राहतो. तिथे व्हॉल्व्ह गेटचा हॉट रनर (वाट गरम ठेवून गेट पिनने बंद करणारी रचना) बरा.

## गेटसमोर सबस्ट्रेट वितळून भोक पडतं किंवा आत दबतं. उपाय?

गेटमधून येणारी वितळ सगळ्यात गरम असते आणि सगळ्यात जोरात आदळते. गेटसमोर सबस्ट्रेटची भिंत जाड करा. मागून कोअरचं स्टील तिला पूर्ण टेकलेलं आहे का ते निळा मार्किंग रंग लावून तपासा. अर्ध्या मिलिमीटरचीही पोकळी नको. तरी भागलं नाही तर गेट हलवा. इंजेक्शनचा सुरुवातीचा ५ ते १० टक्के भाग सावकाश आणि मग वेग, असं प्रोफाइलही मदत करतं.

## दुसऱ्या शॉटनंतर भाग केळ्यासारखा वाकतो.

टीपीई १ ते २.५ टक्के आकसतो. एबीएस ०.४ ते ०.७ टक्के. ३० टक्के ग्लासचा नायलॉन प्रवाहाच्या दिशेने त्याहूनही कमी. मऊ थर आकसताना कडक भागाला आपल्याकडे खेचतो, म्हणून भाग नेहमी टीपीईच्या बाजूला वाकतो. उलट्या बाजूला वाकत असेल तर कारण टीपीई नाही, सबस्ट्रेटचं असमान कूलिंग आहे.

सबस्ट्रेटला लांबीच्या दिशेने रिब द्या, टीपीईचा लांब अखंड पट्टा तोडून तुकडे करा, शक्य असेल तर दोन्ही बाजूंना थोडं मटेरियल द्या. टीपीईचा होल्डिंग प्रेशर वाढवून आकसणं कमी होतं, पण त्याच वेळी फ्लॅश वाढते. कूलिंग जिगमध्ये भाग दाबून ठेवणं ही तात्पुरती मलमपट्टी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थोडा वाकतो.

## नवा साचा पहिल्यांदा कसा चालवायचा?

दुसरं युनिट मागे घ्या आणि आधी फक्त सबस्ट्रेट चालवा. माप, वजन, शट-ऑफच्या कडा ठीक झाल्याशिवाय टीपीईला हात लावायचा नाही. शॉर्ट गेलेल्या किंवा अर्धवट भरलेल्या सबस्ट्रेटवर टीपीई मारला तर तो फटीतून थेट कोअरमध्ये, इजेक्टर पिनच्या भोकात शिरतो. ते साफ करायला अख्खी शिफ्ट जाते.

मग टीपीई होल्डिंगशिवाय ५०, ७०, ९० आणि ९८ टक्के भरून प्रत्येक पायरीचे पीस ओळीने मांडा. हवा कुठे अडकते, कुठली बाजू मागे राहते, हे इथेच दिसतं. ९८ टक्क्यांवर स्विच-ओव्हर (भरण्यावरून होल्डिंगवर जाणं) ठेवून होल्डिंग थोडा थोडा वाढवा आणि सिंक (पृष्ठभागावरचे खळगे) जाईल तिथे थांबा. शेवटी दोन्ही कोअरवरचे पीस सोलून बघा, लगेच एकदा आणि २४ तासांनी पुन्हा.

मशीन थांबून पुन्हा सुरू केल्यावरचे पहिले काही शॉट बाजूला काढा. साचा आणि सबस्ट्रेटचं तापमान स्थिर झालेलं नसतं. ते भाग दिसायला चांगले असतात आणि पकडीत नापास होतात.

## नायलॉनवर टीपीई धरता धरता सुटतो.

नायलॉन साच्यातून निघाल्या क्षणापासून हवेतली ओल ओढतो. गरम टीपीई लागला की ती ओल वाफ होऊन सांध्यात येते, बारीक फोड दिसतात आणि पकड जाते. टू-शॉटमध्ये हा प्रश्न येत नाही. ट्रान्सफरमध्ये भाग काही तासांत वापरा, नाहीतर ओल न शिरणाऱ्या बंद पिशवीत ठेवा. उघडे राहिलेले भाग ८० अंशांवर वाळवून घ्या.

टीपीईची वितळ इथे जास्त गरम लागते, बहुधा २४० ते २६० अंश. नायलॉनमधला ग्लास ३० टक्क्यांवर गेला की पृष्ठभागावर चिकटायला प्लास्टिक कमी उरतं. हीट स्टॅबिलायझर असलेला ग्रेड आणि साधा ग्रेड यांत मोठा फरक पडू शकतो. सबस्ट्रेटचा ग्रेड बदलला तर पकडीची चाचणी पुन्हा करा, जरी दोन्हींच्या पोत्यावर ‘पीए ६’ (नायलॉन ६) असंच लिहिलेलं असलं तरी.

## पितळी इन्सर्टभोवती काही दिवसांनी तडे जातात.

प्लास्टिक आकसतं, पितळ तेवढं आकसत नाही, म्हणून इन्सर्टभोवतीची भिंत कायम ताणलेली राहते. पीसीमध्ये हे सर्वांत जास्त दिसतं. भिंतीची जाडी इन्सर्टच्या बाहेरच्या व्यासाएवढी ठेवा, इन्सर्ट गरम करून बसवा आणि नर्लिंगच्या (बाहेरच्या खरखरीत दातऱ्यांच्या) कडा गोल घ्या. इन्सर्टवर मशीनिंगचं तेल राहिलं असेल तर तेच तेल पीसीला तडे पाडतं. बसवण्याआधी धुवून वाळवा.

आट्यांत फ्लॅश जात असेल तर पिन आणि इन्सर्टमधली फट मोजा. ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरच्या वर नको. इन्सर्ट बसला आहे की नाही हे सेन्सरने तपासा, डोळ्यांच्या भरवशावर नको. उभ्या मशीनवर फिरत्या टेबलाने काम करत असाल तर इन्सर्ट गुरुत्वाने जागेवर राहतात. आडव्या मशीनवर ते धरून ठेवायला चुंबक किंवा स्प्रिंग लागते.

## सिलिकॉन रबर प्लास्टिकवर मोल्ड होतं का?

होतं, पण सगळं उलटं चालतं. लिक्विड सिलिकॉनचे ए आणि बी घटक १:१ मिसळून थंड बॅरलमधून जातात आणि १५० ते २०० अंश गरम साच्यात पक्के होतात. सबस्ट्रेटला तेवढी उष्णता सोसली पाहिजे: पीबीटी (एक पॉलिएस्टर) आणि नायलॉन ६६ चालतात, साधा पीपी किंवा एबीएस नाही. सिलिकॉनचा स्वतः चिकटणारा ग्रेड लागतो. सिलिकॉन पाच-दहा मायक्रॉनच्या फटीतूनही निसटतं. टीपीईसाठी ‘चांगला’ म्हटलेला शट-ऑफ इथे पुरत नाही.

## पकड मोजायची कशी? नुसतं ओढून बघणं पुरेल?

लाइनवर ओढून बघणं ठीक, ग्राहकाला देण्यासाठी आकडा हवा. टीपीईच्या पट्टीचं एक टोक सुटं ठेवून ९० अंशांत सोलतात आणि लागणारं बळ पट्टीच्या रुंदीने भागतात, न्यूटन प्रति मिलिमीटर. टीपीईच्या सांध्यांसाठी व्हीडीआय २०१९ ही जर्मन मार्गदर्शिका यासाठीच आहे. आकड्याच्या शेजारी पट्टी कशी सुटली तेही लिहा: सांध्यातून, की टीपीई फाटून. टीपीई फाटला असेल तर तो आकडा सांध्याचा नसून टीपीईच्या ताकदीचा आहे. सांधा त्याहून मजबूत.

घाम, साबण, तेल किंवा गरम पाणी लागणारा भाग असेल तर त्यात ठेवून मग सोला. कोरडा सांधा जवळजवळ नेहमी पास होतो.

## दोन मटेरियलचा रिजेक्ट माल दळून वापरता येतो का?

पीपी आणि एसईबीएस टीपीई एकत्र दळले तर ते मिश्रण कमी महत्त्वाच्या पीपी भागांत वापरता येतं, टीपीई पीपीला थोडा चिवटपणाच देतो. पण त्याच सबस्ट्रेटमध्ये परत टाकू नका. आकसणं बदलतं आणि शट-ऑफ बिघडतो. एबीएस आणि टीपीयू, किंवा नायलॉन आणि टीपीई, यांचं एकत्र दळण जवळजवळ निरुपयोगी असतं.

रनर मात्र वेगवेगळे पडतात. दोन युनिटच्या रनरला दोन खोकी ठेवा, दोन्हींचे रंग मुद्दाम वेगळे घ्या. काळ्या सबस्ट्रेटचा आणि काळ्या टीपीईचा रनर एका खोक्यात पडला की ग्राइंडरपाशी कुणालाच ओळखता येत नाही.